दोन पुंजके

पाटी लाल झाली, तेव्हा तहसीन अगदी रंगात आली होती. बारा सेंटिमीटरचा चौरस पुठ्ठा घ्यायचा, त्याचे चारही कोपरे सारखे कापायचे, कडा वर दुमडून खोका करायचा आणि त्यात जास्तीत जास्त माल मावला पाहिजे, असं गणित होतं. मिरजेतल्या त्यांच्या तंबोऱ्याच्या कारखान्यात बाकावर पाटी ठेवून ती ते गणित अब्बांना सांगत होती. अब्बा, म्हणजे बशीर मुजावर, त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून तंबोऱ्याच्या तारांखाली बसवायच्या घोडीवर कानस फिरवत होते.

“कोपऱ्यातून किती कापायचं ते आपल्याला ठाऊक नाही. म्हणून त्याला क्ष म्हणायचं.”

“मग?” अब्बांनी मान वर न करता विचारलं.

“मग खोक्याची उंची क्ष, आणि तळाची बाजू बारा वजा दोन क्ष. घनफळ मांडायचं, त्याचं विकलन करायचं, ते शून्य धरायचं. क्षच्या दोन किमती येतात. दोन आणि सहा.”

“मग?”

“मग सहा मोठा, म्हणून...” तहसीन थांबली. “नाही अब्बा. दोन्हीकडून सहा-सहा कापले तर पुठ्ठाच उरत नाही. खोका कशाचा करणार? उत्तर दोन.”

“हं,” म्हणून अब्बांनी घोडीवरचा भुगा फुंकला.

उत्तर लिहायला तिनं लेखणी टेकवली आणि पाटीची कड लालभडक झाली. वर अक्षरं उमटली: ‘या खात्यावर दोन व्यक्ती सराव करत असल्याचे आढळले आहे. परीक्षेपूर्वी खुलासा करावा, अन्यथा उमेदवारास कायमचे अपात्र ठरवले जाईल.’

तहसीननं ते वाचलं, मग अब्बांकडे पाहिलं. कारखान्यात तिसरं कुणी नव्हतं. होते ते तंबोऱ्यांसाठी भिंतीला टांगलेले भोपळे.

आता या पाटीविषयी सांगायला हवं. एके काळी पेपर फुटायचे, एकाच्या नावावर दुसराच जाऊन परीक्षा देऊन यायचा, आणि दर वर्षी नवी चौकशी समिती बसायची. प्रवेश मंडळानं यावर जालीम उपाय शोधला. बीजगणित, कलन आणि संख्याशास्त्र या तिन्ही विषयांचा सराव प्रत्येक मुलानं मंडळाच्याच पाटीवर करायचा. घरातलं बोलणं ऐकायची किंवा चेहरा बघायची पाटीला मनाई होती, पण लेखणीची हालचाल ती टिपून घ्यायची. कुठं थांबलात, किती वेळ थांबलात, समीकरणातलं कुठलं पद आधी उचललंत, खोडताना हात कुठं जड झाला, मागच्या कुठल्या ओळीकडे परत गेलात, अशा बारीकसारीक शेकडो गोष्टी. माणसाची चाल जशी लांबून ओळखू येते, तशी त्याची गणित सोडवायची रीतही ओळखू येते, हा या यंत्रामागचा शोध होता. त्या रीतीला मंडळानं नाव दिलं होतं विचारमुद्रा.

तिचं चित्रही काढता यायचं. सोडवलेलं एक गणित म्हणजे एक ठिपका. एकाच माणसाची शेकडो गणितं मांडली की ठिपके एका ठिकाणी दाटतात, त्यांचा पुंजका होतो. परीक्षेच्या हॉलमध्ये तुमचे ठिपके त्याच पुंजक्यात पडले, तर तुम्ही तेच. बाहेर पडले, तर तुमच्या जागी दुसरं कुणी बसलं आहे, असं समजून तुम्हाला उठवायचं.

उपाय लागू पडला, यात शंका नाही. पेपर फुटायचे थांबले, कारण प्रत्येकाला वेगळाच पेपर मिळू लागला. पण सराव हाच पुरावा झाल्यानं घराघरांतली माणसं मात्र भेदरून गेली. पोरगं पाटी घेऊन बसलं की आई कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, शेजारी दूरदर्शनचा आवाज बारीक करायचे आणि पाहुण्यांना दारातूनच परत पाठवायचे. मुजावरांच्या घरात तेवढी ही भीती शिरली नव्हती. तिथं कारखान्यातल्या ठोकाठोकीतच पोरगी लहानाची मोठी झाली होती.

तहसीनच्या पुंजक्यांचं चित्र पाटीनं सोबत जोडलं होतं. डावीकडे एक पुंजका, उजवीकडे दुसरा, मध्ये मोकळी जागा. मंडळाच्या गणकानं दोन्हींची मिळून सरासरी काढली होती आणि ती नेमकी त्या मोकळ्या जागेत पडली होती, जिथं एकही ठिपका नव्हता. डावीकडच्या पुंजक्यातली निम्मी उत्तरं चुकलेली होती. उजवीकडच्या पुंजक्यातली जवळजवळ सगळी बरोबर.

अम्मी, म्हणजे शमीम, डोळ्यांच्या दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर काम करायची. घरी आल्या आल्या तिनं पाटी वाचली आणि नवऱ्याकडे वळली.

“तुम्ही सांगत होता का तिला उत्तरं?”

“मी?” अब्बांना हसावं की रडावं कळेना. “शमीम, गिऱ्हाइकाला दहा टक्के सूट द्यायची म्हटली तरी मी तुला फोन करतो.”

“मग दुसरा माणूस आला कुठून?”

मंडळाला फोन लावला, तेव्हा तिथल्या माणसानं एक सोपी वाट सुचवली. मदत घेतल्याची कबुली द्यायची, उजवीकडचा पुंजका पुसून टाकायचा आणि डावीकडचा ठेवून परीक्षेला बसायचं. शिक्षा काही नाही. ऐकायला किती छान. पण तहसीननं त्याचा हिशेब मांडून पाहिला. तो पुंजका पुसला, तर मंडळाच्या लेखी तहसीन मुजावर म्हणजे निम्मी गणितं चुकणारी मुलगी. आणि परीक्षेत तिचं डोकं चांगलं चाललं, ठिपके उजवीकडे पडले, तर तोतया म्हणून हॉलमधून उठवणार. नापास व्हायचं ते स्वतःसारखं वागून, आणि पास व्हायला गेलं तर चोर. संख्याशास्त्राच्या पदवीचं स्वप्न ती नववीपासून बघत होती, आणि ते आता कसंही करून बुडणारच होतं.

अब्बांनी त्यांच्या परीनं एक मार्ग काढला. त्यांनी तहसीनची खुर्ची माडीवरच्या खोलीत नेऊन ठेवली.

“आजपासून इथं बस. कारखान्यात येऊ नको. माझ्यामुळं काहीतरी बिघडायला लागलंय, बेटा.”

“तुम्ही काय केलंय, अब्बा?”

“ते मला कळलं असतं तर थांबवलं असतं की.”

तहसीन माडीवर एकटी बसली. खाली कानशीचा आवाज तिनं पाटी उघडली की बंद पडायचा आणि तिनं पाटी मिटली की सुरू व्हायचा. एकटीनं सोडवलेले ठिपके झाडून सगळे डावीकडे पडले. पाटीची कड हिरवी झाली आणि गुण मात्र घसरत गेले. एका गणितात तिनं क्षची नको ती किंमत घेतली, अगदी त्या न उरलेल्या पुठ्ठ्यासारखी, आणि उत्तर चुकल्यावरच तिच्या ते ध्यानात आलं.

त्याहून वाईट ताटावर व्हायचं. एकदा जेवताना ती कॉलेजातली गंमत सांगू लागली. प्रयोगशाळेत एकीनं वजनकाट्यावर डबा ठेवून, काटा शून्यावर आणून, मग डबा काढला होता आणि सगळ्या वर्गाची वजनं उणे आली होती. इथं तहसीन नेहमीसारखी थांबली. अब्बांनी ‘मग?’ म्हणायची ती जागा होती. अब्बांनी आमटी वाढून घेतली. गोष्ट तिथंच संपली, आणि तहसीनला त्या क्षणी यंत्राचा, मंडळाचा आणि थोडासा अब्बांचाही मनापासून राग आला.

रागाचा एक फायदा झाला. ती रडायचं सोडून हिशेबाला लागली. प्रत्येक उमेदवाराला त्याचे ठिपके द्यायचे, असा मंडळाचाच नियम होता. तिनं ते सगळे मागवले आणि संख्याशास्त्र जे शिकवतं तेच करायला घेतलं. दोन पुंजके पडतात, म्हणजे डेटामध्ये काहीतरी लपलेलं आहे. ते काय?

विषय असेल का? तिनं बीजगणिताचे ठिपके निळे केले, कलनाचे पिवळे, संख्याशास्त्राचे हिरवे. दोन्ही पुंजक्यांत तिन्ही रंग. गणितं सोपी-अवघड असतील? तसंही नाही. सकाळ-संध्याकाळ? सगळं सरमिसळ. शेवटी तिनं एकेका ठिपक्यामागची लेखणीची रेघ मोठी करून पाहायला सुरुवात केली. उजवीकडच्या काही रेघांच्या कडेला बारीक दाते दिसत होते, करवतीच्या पात्याला असतात तसे. एकसारखे, नियमित. हाताची थरथर अशी नसते. हे दाते कुठल्यातरी यंत्राचे होते.

तिला उमगलं आणि ती खुर्चीतून उठून उभीच राहिली. भोपळा घासायचं मशीन. ते सुरू झालं की अख्खा बाक थरथरतो, बाकावर पाटी, पाटीवर लेखणी. तिची रेघ सांगत होती की हे गणित तिनं मशीन घरघरत असताना सोडवलं आहे.

ती जिना उतरून कारखान्यात धावली. तिला पाहताच अब्बा कानस ठेवून बाहेर निघाले, तशी तिनं दारच अडवलं.

“अब्बा, मशीन चालू असताना मी काय बोलते ते ऐकू येतं तुम्हाला?”

“त्या घरघरीत? तुझी अम्मी जेवायला हाक मारते, तीसुद्धा ऐकू येत नाही.”

“मग तुम्ही ‘मग’ कसं म्हणता?”

अब्बा कानकोंडे झाले. “तुझे ओठ हलायचे थांबले की म्हणतो.”

“आणि मशीन बंद असताना?”

“तेव्हा... थोडं कानावर येतं. पण खरं सांगू का, डोक्यात माझं भोपळ्याचंच चाललेलं असतं.”

म्हणजे इतकी वर्षं ती बीजगणित भोपळ्याला सांगत होती. तहसीनला क्षणभर वाईट वाटलं, आणि मग तिला असं हसू फुटलं की तिला बाकाला धरून बसावं लागलं. अब्बांनी ऐकलंच नव्हतं. मग ते सांगणार काय? दुसरा माणूस नव्हताच. दोन्ही पुंजके तिचेच होते. एक गप्प बसलेल्या तहसीनचा, दुसरा कुणाला तरी समजावून सांगणाऱ्या तहसीनचा.

“मी कबुली देणार नाही,” ती म्हणाली. “सुनावणी मागणार. तुम्ही चला माझ्याबरोबर.”

“मी कशाला? मला बघून त्यांचा संशय आणखी वाढेल.”

“वाढू दे की.”

सुनावणी कोल्हापूरच्या केंद्रात होती. विचारमुद्रा ज्यांच्या गटानं शोधली त्यांच्यापैकी एक, डॉ. मंजिरी ओगले, स्वतः आल्या होत्या. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेल्या, बोलण्यात तुटक. तहसीननं त्यांना दातेरी रेघा दाखवल्या. बाईंनी त्या पडद्यावर आणखी मोठ्या करून पाहिल्या.

“थरथर आम्ही गाळून टाकतो,” त्या म्हणाल्या. “निरुपयोगी म्हणून.”

“मशीन चालू असताना कुणी काही सांगूच शकत नाही, मॅडम. तरी ठिपके उजवीकडेच आहेत.”

“एवढ्यानं तो माणूस शेजारी बसून लिहीत नव्हता असं ठरत नाही. इथं करून दाखवाल?”

केंद्राच्या व्हरांड्याच्या एका टोकाला काचेची खोली होती. आतला आवाज बाहेर जात नव्हता, बाहेरचा आत येत नव्हता. ओगलेबाईंनी आधी तिला एकटीला गप्प बसून गणितं सोडवायला लावली. ठिपके बाहेरच्या पडद्यावर डावीकडे पडले, बिनचूक डावीकडे. मग तहसीन म्हणाली, “आता मला बोलायचंय. अब्बांना काचेपलीकडे समोर बसू द्या.”

“त्यांना काही ऐकू येणार नाही.”

“कारखान्यातही येत नव्हतं.”

बाईंच्या ओठांचा कोपरा जरा हलला. त्यांनी खुर्ची ठेवायला सांगितली.

अब्बा सणाचा शर्ट घालून आले होते आणि फोटो काढायला बसल्यासारखे ताठ बसले होते. तहसीननं पहिलं गणित घेतलं. क्ष अधिक एक छेद क्ष बरोबर तीन, तर क्षचा घन अधिक एक छेद क्षचा घन किती?

“अब्बा, क्ष शोधायला गेलो तर वर्गमूळं येतात, घोळ होतो. त्यापेक्षा सगळ्याचाच घन करू.” ती थांबली. काचेपलीकडे अब्बांचे ओठ हलले. “मग सत्तावीस येतात. पण त्यात एक जास्तीचा तुकडा येतो, तीन गुणिले तीन, म्हणजे नऊ. तो काढला की अठरा.”

ठिपका उजवीकडे पडला. दुसराही. तिसऱ्याच्या वेळी अब्बांनी वाक्याच्या ऐन मध्ये ‘मग?’ म्हटलं आणि तहसीनला लिहिता लिहिता हसू आलं. हात हलका झाला होता. इतके दिवस छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी उचलून नेल्यासारखं तिला वाटत होतं.

शेवटचं गणित संख्याशास्त्राचं होतं. एका कारखान्यात हजारात एक वस्तू सदोष निघते. तपासणीचं यंत्र शंभर सदोष वस्तूंपैकी नव्याण्णव पकडतं, पण शंभर चांगल्या वस्तूंमागे एकीवर उगाचच दिवा लावतं. एका वस्तूवर दिवा लागला, तर ती खरोखर सदोष असण्याची संभाव्यता किती?

“अब्बा, हे...” म्हणून तिनं मान वर केली. खुर्ची रिकामी होती.

लेखणी जागीच थांबली, आणि ती थांबलेली पाटी टिपत आहे हे तिला कळत होतं. बाहेर ओगलेबाई पडद्यापाशी उभ्या होत्या, त्यांनी काही खूण केली नाही. तहसीन रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. मग तिनं घसा खाकरला आणि स्वतःच, अब्बांच्याच त्या अर्ध्या लक्षातल्या आवाजात, विचारलं, “मग?”

“मग एक लाख वस्तू धरू,” ती खुर्चीला म्हणाली. “त्यात सदोष शंभर. दिवा लागतो नव्याण्णवांवर. मग? मग चांगल्या नव्याण्णव हजार नऊशे. त्यातल्या शंभरात एकीवर उगाचच दिवा, म्हणजे नऊशे नव्याण्णव. मग? एकूण दिवे एक हजार अठ्ठ्याण्णव, त्यात खऱ्या सदोष फक्त नव्याण्णव. म्हणजे शंभरात जेमतेम नऊ.”

तिनं उत्तर लिहिलं आणि मग आपण काय लिहिलं ते तिला कळलं. तिनं काचेतून ओगलेबाईंकडे पाहिलं. बाईंनीही तेच वाचलं होतं. यंत्र इतकं हुशार, तरी दहा दिव्यांतले नऊ चांगल्या मालावर. लाल झालेल्या पाट्या राज्यात किती असतील, याचा हिशेब बहुधा दोघींच्याही डोक्यात एकदमच सुरू झाला.

दार उघडून बाई आत आल्या. त्यांचा तुटकपणा कुठल्या कुठं गेला होता.

“शेवटचा ठिपकाही उजवीकडे आहे. पुंजक्याच्या अगदी मध्यावर.” त्या खुर्ची ओढून बसल्या. “दुसऱ्याला शिकवताना आपल्याला कळतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण माणूस इतका बदलतो की यंत्राला तो दुसराच वाटावा, हे मी पहिल्यांदा बघते आहे. एका माणसाचा एकच पुंजका, हे आम्ही गृहीत धरलं होतं. तपासलं नव्हतं.”

“मग माझं काय, मॅडम?”

“दोन्ही पुंजके तुझ्या नावावर लागतील. आजच. आणि लाल झालेल्या बाकीच्या सगळ्यांचे ठिपके मी पुन्हा उघडणार आहे. तू लिहिलंस त्या हिशेबानं बरीच पोरं उगाच घाबरून बसली असतील.” त्या जरा थांबल्या. “परीक्षेच्या हॉलमध्ये बोलायला परवानगी नाही, ते मी बदलू शकत नाही. पण आवाज न करता ओठ हलवू नयेत, असा नियम मी तरी वाचलेला नाही.”

तहसीनला नाचावंसं वाटत होतं. ती जवळजवळ पळतच बाहेर आली. लांबलचक व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या कूलरपाशी अब्बा हात मागे बांधून उभे होते.

“तुम्ही उठून का गेलात?” तिच्या आवाजात आनंद होता आणि तक्रारही होती. “माझा जीव गेला होता तिथं.”

अब्बा थोडे ओशाळले. “तंबोरा पुरा झाला की आपण काय करतो?”

ते तिला सांगायची गरज नव्हती. तिच्या लहानपणापासून कारखान्याची तीच रीत होती. तंबोरा तयार झाला की तारा छेडायला तहसीन बसायची आणि अब्बा गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायचे. तिथं सूर भरलेला पोचला तरच ते माल गिऱ्हाइकाला द्यायचे. जवळ बसून कळत नाही, म्हणायचे.

“परीक्षेला मी थोडाच समोर असणार आहे,” अब्बा म्हणाले. “म्हटलं, लांब जाऊन बघावं.”

“काचेतून काय ऐकू येणार होतं तुम्हाला?”

“ऐकू काही आलं नाही. पण तू थांबलीस, आणि मग परत लिहायला लागलीस. तेवढं इथून दिसलं.”

तहसीननं त्यांचा हात घट्ट धरला आणि स्टँडवर पोचेपर्यंत सोडला नाही. मिरजेची बस जवळजवळ रिकामी होती. खिडकीपाशी बसून तिनं सुरुवातीपासून सगळं सांगायला घेतलं. बाईंनी थरथर कशी गाळून टाकली होती, दिव्याचं गणित काय होतं, दहातले नऊ दिवे कुणावर लागत होते. शेवटी शेवटी ती सवयीनं थांबली.

“मग?” अब्बा म्हणाले. त्यांच्या हातात कानस नव्हती, समोर भोपळा नव्हता, आणि या वेळी ते खरंच ऐकत होते.